समुद्रावरचे घर आणि किनाऱ्याचा कायदा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधू निघालेल्या गृहस्थाचा अंदाज चिरे आणि चुना यांच्या हिशेबात सहसा फारसा चुकत नाही. तो चुकतो जागेच्या कज्जात, शेजाऱ्याच्या हद्दीत, सांडपाण्याच्या वाटेत आणि दरसाल निघणाऱ्या दुरुस्तीत. या सर्व कटकटींतून एकदम मुक्त व्हावे, जमीनच नको म्हणजे जमिनीचा कज्जाही नको, अशा विचाराने गेल्या साठ वर्षांत काही धाडसी माणसांनी भर समुद्रावर घर करण्याचा उद्योग आरंभिला. सांप्रत या कल्पनेला सूर्यशक्तीची जोड मिळाली आहे. छपरावर सौर पट्ट्या, पोटात विजेचे साठे, खारे पाणी गोडे करणारे यंत्र आणि खाली अथांग सागर. भाडे नाही, घरपट्टी नाही, सरकार नाही, असे हे चित्र आहे. चित्र मोहक आहे यात संशय नाही. परंतु चित्राला चौकट लागते आणि घराला अंदाजपत्रक लागते. त्या अंदाजपत्रकातील एक रकाना हे गृहस्थ बहुधा कोरा ठेवीत आले. तो रकाना कोणता, हे इतिहासाच्या व कायद्याच्या आधारे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पाण्यावर घर करणे ही गोष्ट नवी नव्हे. पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील तितिकाका सरोवरात उरू लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्यांची बेटे विणून त्यांवर राहत आले आहेत. खालचे लव्हाळे कुजत जाते आणि वरून नवे घालीत राहावे लागते. म्हणजे तेथे जमीनसुद्धा दरसाल शाकारावी लागते. आपल्या देशातील उदाहरण काश्मीरच्या हाउसबोटींचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उन्हाळ्यासाठी तेथे जाणाऱ्या इंग्रजांना डोग्रा दरबार जमीन विकत घेऊ देत नसे. तेव्हा त्यांनी जमिनीचा नाद सोडला आणि नावेवर बंगला चढविला. दल सरोवरातील त्या शोभिवंत नौकागृहांच्या जन्माला सौंदर्यदृष्टीइतकीच जमिनीच्या कायद्यातील एक अडचण कारणीभूत झाली आहे. मात्र ते इंग्रज महाराजांच्या राज्याबाहेर गेले नाहीत. नाव पाण्यावर होती, पण नावाडी, दूधवाला, बाजार आणि रक्षण ही सारी किनाऱ्याचीच होती. पुढच्या साहसी मंडळींचा आणि त्यांचा फरक येथेच पडतो.

प्रथम सूर्याचा हिशेब मांडू, कारण तोच सर्वांत सोपा आहे. आपल्या हवामानात १ किलोवॅटच्या सौर पट्ट्या दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतात आणि त्यांना सुमारे ५ चौरस मीटर जागा लागते. ३ किलोवॅटच्या संचापासून रोज १२ युनिट मिळतील आणि १५ चौरस मीटर छप्पर व्यापेल. चार माणसांच्या कुटुंबाला शहरी प्रमाणाने, म्हणजे माणशी १३५ लिटर, पाणी द्यावयाचे तर रोज ५४० लिटर लागेल. समुद्राचे पाणी गोडे करण्यास मोठ्या कारखान्यात हजार लिटरांमागे ३ ते ४ युनिट खर्च होतात. लहान यंत्र अधिक खादाड असते, म्हणून १० युनिट धरू. तरी पाण्याला साडेपाच युनिट पुरे. उरलेल्या साडेसहा युनिटांत दिवे, पंखे, शीतपेटी आणि विजेची चूल ही काटकसरीने चालतील. पावसाळ्यातील अंधाऱ्या दिवसांसाठी साठा मोठा ठेवावा लागेल आणि पाणी जपून वापरावे लागेल. पण कोकणातील माणसाला आषाढाची बेगमी वैशाखात करण्याची सवय आहेच.

आणि किंमत? २०२४ साली भारत सरकारने घरांच्या छपरांवरील सौर विजेसाठी जी योजना काढली, तिच्यात ३ किलोवॅटच्या संचाची आधारभूत किंमत दीड लाख रुपयांच्या आत धरली होती. समुद्रावर गंजरोधक बांधणी आणि विजेचे साठे यांमुळे ती कितीतरी पटींनी वाढेल हे खरे; तथापि समुद्रगृहाच्या एकूण खर्चात सूर्याचा वाटा लहानच राहतो. ज्या घराची हकीकत पुढे येणार आहे, ते थायलंडजवळचे घर १ लाख ५० हजार डॉलरांस पडले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्या वेळच्या दराने ही रक्कम एक कोटी रुपयांच्या वर जाते. ‘सूर्यशक्तीवर चालणारे घर’ असे ज्याचे कौतुक होते, त्यात सूर्य हा सर्वांत स्वस्त गडी असतो.

खर्चाचा मोठा भाग जातो तो लाटेला. तरंगणारी वस्तू लाटेबरोबर वर-खाली होते आणि माणसाचे पोट ते सहन करीत नाही. यावरचा उपाय नौकाशास्त्राने शोधला आहे. लांब, अरुंद नळकांडे पाण्यात उभे खोल बुडवावे आणि त्याच्या डोक्यावर माची बांधावी. पाण्याच्या पृष्ठभागाशी नळकांड्याचा छेद लहान असल्यामुळे लाट त्याला फारशी उचलू शकत नाही. अमेरिकेत १९६२ साली ‘फ्लिप’ नावाचे असे एक संशोधनयान बांधले गेले. त्याची लांबी ३५५ फूट. ते आडवे ओढीत न्यावयाचे आणि ठिकाणावर पोहोचल्यावर एका टोकाला पाणी भरून उभे करावयाचे. उभे राहिले म्हणजे सुमारे ३०० फूट पाण्याखाली आणि उरलेले वर. २०२३ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सहा दशके, त्याने काम दिले. कल्पना सिद्ध आहे. परंतु ‘फ्लिप’ला स्वतःचे इंजिन नव्हते, दुसरे जहाज ते ओढून नेई आणि परत आणी. समुद्रावर स्थिर उभा असलेला तो मनोरा किनाऱ्यावरच्या एका संस्थेच्या आधाराने उभा होता.

दुसरा मोठा खर्च दुरुस्तीचा. मिठाचे पाणी लोखंड खाते, शंख-शिंपले बुडाला चिकटतात, दोर झिजतात. याचे मर्म गोव्याच्या खाजन शेतीवाल्यांस सांगावयास नको. भरतीचे पाणी अडविणारा बांध आणि त्यातील मानस ही एकदा बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजविले नाही तर एका उधाणात सारे शेत खारे होते. म्हणून बांध हा कधी एकट्यादुकट्या शेतकऱ्याचा विषय झाला नाही. त्याची राखण, त्याचा खर्च आणि त्यावरचे भांडण गावकरीच्या सभेत येई. समुद्राच्या शेजारी शतकानुशतके टिकलेली ही रचना मजुरी आणि माती यांइतकीच वर्गणी आणि ठराव यांवर उभी होती.

तिसरा खर्च नांगराचा, आणि येथे शिल्पशास्त्र कायद्याला येऊन भिडते. सूर्याच्या बळावर घर एका जागी टिकवून धरता येईल काय? फार थोडे. पाण्यात वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती साधारणपणे आठपट लागते. प्रवाह आणि वारा यांच्याविरुद्ध एवढी वीज छपरावर मिळत नाही. म्हणून नांगर हवा. साध्या नांगराला पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. तीस मीटर पाण्यात तो दोनशे मीटर होईल, ते परवडेल. परंतु किनाऱ्यापासून दूर, भूखंडाची पायरी उतरल्यावर, समुद्राची खोली हजारो मीटरांत मोजतात. तेथे तेलकंपन्यांची धन आणि त्यांची जहाजे पाहिजेत. गृहस्थाचे ते काम नव्हे. थोडक्यात, सामान्य माणसाचे समुद्रगृह उथळ पाण्यातच उभे राहू शकते. आणि उथळ पाणी कोणाचे, हा प्रश्न जगाने आता बहुतांशी निकालात काढला आहे.

तो कसा काढला, याचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात बसून संपूर्ण हिंदी महासागर आपला बंद दरवाजा असल्याचा दावा मांडला. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना ज्या जहाजाजवळ नसेल ते पकडावे, असा त्यांचा शिरस्ता होता. मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. पुढे अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपली दस्तके काढून तोच अधिकार आपल्या नावाने बजाविला. दरम्यान १६०३ साली डच कप्तान हेमस्कर्क याने सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीजांचे मालाने भरलेले गलबत पकडले. ही लूट न्याय्य ठरविण्यासाठी डच कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या विशीतल्या तरुण वकिलाला गाठले. त्याने लिहिलेल्या ग्रंथातील एक प्रकरण १६०९ साली ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या लॅटिन नावाने छापले गेले. समुद्र हवेसारखा आहे, तो कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, हे महान तत्त्व अशा रीतीने एका अशिलाच्या कैफियतीतून जन्माला आले. वकिलांनी याचा विषाद मानण्याचे कारण नाही. पुष्कळ चांगली तत्त्वे याच दाराने जगात आली आहेत.

पण मुक्त समुद्र सुरू कोठे होतो? अठराव्या शतकाच्या प्रारंभी बिंकरशूक या डच न्यायशास्त्रज्ञाने सूत्र दिले, की जमिनीची सत्ता जेथे शस्त्राची सत्ता संपते तेथे संपते. त्यावरून तोफेच्या पल्ल्याचे आणि पुढे तीन मैलांचे माप रूढ झाले. विसाव्या शतकात तोफेची जागा तेलाने घेतली. १९४५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी समुद्राखालच्या भूखंडमंचावरील संपत्तीवर हक्क सांगितला आणि इतर राष्ट्रे त्या वाटेने निघाली. भारताने १९६७ साली आपला प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा केला आणि १९७६ च्या अधिनियमाने २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात कृत्रिम बेटे व इतर बांधकामे उभारण्याचा एकाधिकार केंद्राकडे घेतला. १९८२ साली माँटेगो बे येथे सह्या झालेल्या आणि १९९४ पासून अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा संहितेने हाच नियम जगाला लावला. तिचे ६० वे कलम सांगते, की या क्षेत्रात कृत्रिम बेटास परवानगी देणे हा किनाऱ्याच्या राष्ट्राचा अधिकार आहे. अशा बेटाला स्वतःचा प्रादेशिक समुद्र नाही. आणि टाकून दिलेले बांधकाम काढून टाकले पाहिजे. २०० मैलांपलीकडे बांधकामाचे स्वातंत्र्य आहे खरे, परंतु तेथेही सार्वभौमत्व कोणालाच सांगता येत नाही.

आता शिल्पशास्त्राचा आणि कायद्याचा नकाशा एकावर एक ठेवून पाहावा. जेथवर नांगर पोहोचतो तेथवर कायदा पोहोचतो. आणि जेथे कायदा विरळ होतो तेथे नांगराला तळ लागत नाही. हा योगायोग नव्हे. माणूस जसजसा पुढे बांधू लागला, तसतशी सरकारेही पुढे सरकली. प्रत्येक समुद्रगृहाच्या कपाळी हेच लिहिलेले आढळते.

बोलोन्याचे अभियंते जॉर्जो रोझा यांनी इटलीतील रिमिनी शहरासमोर, तेव्हाच्या सहा मैलांच्या हद्दीच्या किंचित बाहेर, ४०० चौरस मीटरांची माची खांबांवर उभी केली आणि १९६८ च्या मे महिन्यात ‘गुलाबांचे बेट’ या नावाने तिचे स्वातंत्र्य पुकारले. एस्परांतो ही तेथील राजभाषा. दोन महिनेही लोटले नाहीत तोच इटालियन पोलिसांनी माची ताब्यात घेतली, १९६९ च्या फेब्रुवारीत तिला सुरुंग लावले आणि उरलेले काम वादळाने पुरे केले. १९७४ साली इटलीने आपली हद्द बारा मैलांवर नेली.

त्याआधी एक वर्ष, १९६७ साली, इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यासमोरच्या महायुद्धकालीन ओसाड माचीवर रॉय बेट्स या माजी लष्करी अधिकाऱ्याने ‘सीलँड’ नावाचे संस्थान पुकारले. तेथून गोळ्या झाडल्याबद्दल खटला झाला तेव्हा, १९६८ साली, इंग्रज न्यायालयाने ही जागा तीन मैलांबाहेर असल्यामुळे आपणास अधिकार नाही असे म्हटले. बेट्स मंडळींनी हा आपल्या स्वातंत्र्याचा दाखला मानला. वस्तुतः न्यायालयाने आपली मर्यादा सांगितली होती. दुसऱ्याचे राज्य मान्य केले नव्हते. १९८७ साली ब्रिटनने हद्द बारा मैलांची केली आणि माची त्या रेषेच्या आत आली. १९७२ च्या जानेवारीत प्रशांत महासागरातील मिनर्व्हा खडकांवर वाळूचा भराव टाकून असेच एक ‘प्रजासत्ताक’ जाहीर झाले. त्याच वर्षी टोंगाच्या राजाने ते खडक आपले असल्याचे घोषित केले आणि त्या प्रजासत्ताकाची कथा संपली.

अगदी अलीकडचे उदाहरण २०१९ चे. फुकेतजवळ, बारा मैलांच्या थोडे बाहेर आहोत अशा विश्वासाने, एक अमेरिकन गृहस्थ आणि त्याची थाई सहचरी यांनी ६ मीटर रुंदीच्या अष्टकोनी खोलीत संसार थाटला. पाण्यात बुडालेले नळकांडे, वर खोली, सौर पट्ट्या: वर दिलेल्या हिशेबाची ही मूर्तिमंत आवृत्ती होती. अशा अष्टकोनाचे छप्पर सुमारे ३० चौरस मीटरांचे भरते. म्हणजे सूर्याला जागा मुबलक होती. परंतु थाई नौदलाने या घरात देशाच्या सार्वभौमत्वावरील आक्रमण पाहिले. ज्या कलमाचा आरोप ठेवण्यात आला, त्यात शिक्षा मृत्यूची किंवा जन्मठेपेची. जोडपे निसटले आणि एप्रिलमध्ये नौदलाने घर ओढून किनाऱ्यास आणले. समुद्रगृहवासी बारा मैलांची रेषा मोजीत बसले आणि दोनशे मैलांची विसरले, अशी ही फिर्याद एका वाक्यात सांगता येईल. त्यांच्याविरुद्ध उगारलेले शस्त्र अपराधाच्या मानाने कितीतरी जड होते, हेही तितकेच खरे.

येथे एक आक्षेप येईल, की घर न म्हणता त्याला जहाज म्हणावे, एखाद्या राष्ट्राचे निशाण लावावे, म्हणजे प्रश्न मिटला. तो तसा मिटत नाही. निशाण लावले म्हणजे त्या राष्ट्राचा कायदा आणि तपासणी आली. २०२० साली या पंथाच्या मंडळींनी सुमारे ९५ लाख डॉलरांस एक जुने प्रवासी जहाज विकत घेऊन पनामाजवळ तरंगती वसाहत करण्याचे ठरविले. जहाज मिळाले, पण स्थिर वसाहत म्हणून त्याचा विमा उतरविण्यास कोणी तयार होईना, आणि बेत सोडावा लागला. उलट बाजूने, तरंगते घर हे जहाज ठरतेच असेही नाही. फ्लॉरिडातील रिव्हिएरा बीच येथल्या एका तरंगत्या घराविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जानेवारीत सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की सुकाणू नाही, स्वतःची गती नाही, माणसे-माल वाहून नेण्याचा उद्देश दिसत नाही, अशी वस्तू नौका नव्हे. घरमालक जिंकला. मात्र तोपर्यंत त्याचे घर नगरपालिकेने लिलावात घेऊन मोडून टाकले होते. निकालपत्रात घर राहता येत नाही.

विमा आणि बचाव हे दोन्ही शब्द किनाऱ्याचे आहेत, याची आठवण आपल्या समुद्राने २०२१ च्या मे महिन्यात कठोरपणे दिली. तौक्ते वादळ गोव्यावरून उत्तरेस सरकले आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासासाठी नांगरलेला ‘पी ३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहू लागला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरांहून अधिक प्राणांस मुकली. बाकीची वाचली ती नौदल व तटरक्षक दल यांनी उसळत्या समुद्रात रात्रंदिवस शोध घेतला म्हणून. घरपट्टी चुकविणाऱ्याने हा रकाना कोणाच्या नावे मांडावा? आणि अखेरीस घर निकामी झाले तर ते काढून नेण्याचा खर्च कोणाचा? कांदोळीच्या वाळूत २००० साली रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाज दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच गंजत पडले होते. ते ज्यांनी पाहिले, त्यांना हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही.

तथापि समुद्रगृहाचा खटला एवढ्यावर फेटाळणे अन्यायाचे होईल. कारण याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे: राज्य म्हणजे काय, आणि घर म्हणजे काय? त्यावर सर्वांत मार्मिक उत्तर एका जर्मन न्यायालयाने दिले. सीलँडचे नागरिकत्व पत्करलेल्या एका जर्मनाने आपले जर्मन नागरिकत्व संपल्याचे जाहीर करावे, असा अर्ज कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयात केला. १९७८ च्या मे महिन्यात न्यायालयाने तो फेटाळला. माची ही भूमी नव्हे, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. न्यायालयाच्या मते समान हौस किंवा समान हितसंबंध यांसाठी जमलेल्या मंडळाने ‘प्रजा’ बनत नाही. सुखदुःखाचे भागीदार होऊन कायम एकत्र जगणारा समुदाय असावा लागतो. दक्षिण चीन समुद्रासंबंधीच्या लवाद मंडळानेही २०१६ च्या निर्णयात, एखाद्या खडकावर मनुष्यवस्ती आहे असे केव्हा म्हणावे याचा ऊहापोह करताना, तेथे घर करून स्थिर राहणारा समुदाय हीच कसोटी धरली.

या कसोटीची उलट बाजू आज आपल्या डोळ्यांसमोर आहे. प्रशांत महासागरातील तुवालू हे सुमारे ११ हजार लोकांचे राष्ट्र. त्याची भूमी समुद्रसपाटीपासून कोठेही पाच मीटरांहून उंच नाही आणि समुद्र चढतो आहे. २०२३ साली ऑस्ट्रेलियाने तुवालूशी केलेला करार २०२४ मध्ये अमलात आला. समुद्राच्या चढण्याने भूमीवर काहीही परिणाम झाला तरी तुवालूचे राष्ट्रत्व चालूच राहील, असे त्यात मान्य केले आहे. सीलँडजवळ माची होती पण समुदाय नव्हता, म्हणून राज्य नाही. तुवालूजवळ समुदाय आहे आणि भूमी निसटते आहे, तरी राज्य आहे. पाण्यावरच्या घरांची खरी गरज उद्या ज्यांना लागणार आहे, ते सरकारला कंटाळलेले धनिक नव्हेत. ज्यांच्या अंगणात पाणी आले ते लोक आहेत. त्यांना सरकारपासून सुटका नको असते. सरकारने आपला हात सोडू नये, एवढेच हवे असते.

धनिकांच्या पंथालाही हे उशिरा उमगले. २००८ साली अमेरिकेत समुद्रवसाहतींचा पुरस्कार करणारी जी संस्था निघाली, तिनेच पुढे खर्च पाहून भर समुद्राचा आग्रह सैल केला आणि २०१७ च्या जानेवारीत फ्रेंच पॉलिनेशियाच्या शासनाशी तेथील संथ खाजणात तरंगती बेटे करण्याविषयी समजुतीच्या मसुद्यावर सह्या केल्या. स्थानिक रहिवासी व मच्छीमार यांनी विरोध केला आणि शासनाने हात आखडता घेतला. पाण्यात राहून माशांशी वैर करू नये म्हणतात. मासे पकडणाऱ्यांशी तर मुळीच करू नये.

आपल्या वाचकांना या साऱ्याचा अर्थ परका वाटणार नाही. १५६० च्या सुमारास साष्टीत देवळांवर संकट आले, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना घेऊन आपल्या पूर्वजांनी पाणी ओलांडले आणि पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर अंत्रूज महाल गाठला. एका राज्याच्या छळातून सुटण्यासाठी पाण्याचा आश्रय घेण्याचे याहून थोर उदाहरण आपल्याजवळ दुसरे नाही. पण ते पाण्यावर राहिले नाहीत. पलीकडे दुसरे राज्य होते, तेथील गावकऱ्यांनी जागा दिली, मागून महाजन आले, १७३९ साली पेशवाईत मंगेशीचे गाव इनाम मिळाले. आणि पुढे १९३३ च्या माझानींच्या नियमावलीने जमाखर्चाला कायद्याचे रूप दिले. देवाचे घर टिकले ते मूर्ती नदीपार नेल्याने जितके, तितकेच पालखीला खांदा देणाऱ्यांची यादी पिढ्यान्‌पिढ्या राखल्याने.

म्हणून कोणा गृहस्थाने समुद्रावरच्या घराचे अंदाजपत्रक सल्ल्यासाठी पुढे केले, तर सौर पट्ट्यांच्या आकड्यांवर हरकत घेण्याचे कारण नाही. ते बहुधा बरोबरच असतील. नांगर, दोर आणि गंज यांची रक्कम दुप्पट करावी, एवढे सुचवावे. आणि मग कोऱ्या रकान्यावर बोट ठेवावे. कोणत्या राष्ट्राची परवानगी, कोणत्या बंदराचा आधार, कोणत्या न्यायालयात दाद, वादळात हाक कोणाला, मोडल्यावर उचलणार कोण आणि शेजारी कोण, हे सहा प्रश्न त्या रकान्यात लिहावे. त्यांची उत्तरे असतील तर घर खुशाल पाण्यावर बांधावे. सूर्य त्याला वीज देईल आणि समुद्र त्याला तरंगत ठेवील; बाकीचे सर्व किनाऱ्यावरच्या माणसांकडूनच यावयाचे आहे.